एग्मोरची काटकसरीची सहल: व्हेगन विद्यार्थ्याने काय खावे?

चेन्नईतील एग्मोर रेल्वे स्थानकासमोरचा रस्ता ओलांडला, की ओळीने लागणाऱ्या उपाहारगृहांवर 'प्युअर व्हेज' अशी पाटी दिसते. मांस, मासे आणि अंडी वर्ज्य करणाऱ्या प्रवाशाला तेवढी पाटी पुरेशी असते. मात्र दूध, दही, लोणी, तूप आणि मधही न घेणाऱ्या, म्हणजेच व्हेगन आहार पाळणाऱ्या प्रवाशाची चौकशी त्या पाटीपासून सुरू होते. हा प्रवासी महाविद्यालयीन विद्यार्थी असेल, खिशात मोजके पैसे असतील आणि सोबत सर्व काही खाणारे तीन-चार मित्र असतील, तर प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो.

व्हेगन राहणे ही श्रीमंतांची हौस आहे, असा समज शहरी महाराष्ट्रात बराच रूढ आहे. बदामाचे दूध, सोयाबीनचे टोफू आणि परदेशी धर्तीचे डबाबंद पदार्थ यांच्या किमती पाहता तो अगदीच निराधार नाही. एग्मोरमध्ये मात्र चित्र उलटे दिसते. तेथील सर्वांत स्वस्त पदार्थांपैकी अनेक पदार्थ मुळातच दुग्धविरहित आहेत, आणि तूप किंवा लोणी आले की किंमत वाढते. साधा डोसा आणि तुपातील रोस्ट यांच्या दरांतील फरक कोणत्याही दरफलकावर वाचता येतो. अडचण पैशांची नसून माहितीची आहे. कोणत्या पदार्थात तूप न सांगता येते आणि तमिळ येत नसताना ते विचारावे कसे, हे ठाऊक असेल तर व्हेगन विद्यार्थ्याचा खर्च त्याच्या मित्रांपेक्षा कमीच होतो.

हिरवा ठिपका आणि व्हेगन चिन्ह

'व्हेगन' हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली घडवला गेला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात व्हेगन सोसायटी स्थापन केली. दूध व अंडी घेणाऱ्या शाकाहारी मंडळींपासून वेगळे ओळखू येणारे नाव असावे, हा त्यामागील हेतू होता. प्राण्यांचे शोषण शक्य आणि व्यवहार्य असेल तेथवर टाळणे, अशी या संस्थेची भूमिका आहे. त्यामुळे व्हेगन विचार ताटापुरता राहत नाही. चामडे, लोकर आणि रेशीमही त्याच्या कक्षेत येतात.

भारतात शाकाहाराची परंपरा मोठी असली, तरी त्या परंपरेत दुधाला मानाचे स्थान आहे. कायदाही तेच मानतो. वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहून अनेक जण निर्धास्त होतात. परंतु शाकाहारी पदार्थाच्या सरकारी व्याख्येत दूध, दुग्धजन्य पदार्थ आणि मध यांना मुभा आहे. म्हणून हिरवा ठिपका व्हेगन व्यक्तीसाठी अपुरा ठरतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली व्हेगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले आणि हिरव्या रंगातील 'व्ही' अक्षर व पान असे वेगळे चिन्ह ठरवून दिले. मात्र स्थानकावरील टपरीत हे चिन्ह क्वचितच आढळते. तेथे उपयोगी पडते ती घटकांच्या यादीखालची बारीक अक्षरांतील ओळ. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी 'कंटेन्स मिल्क' असा उल्लेख करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. अनेक साध्या बिस्किटांतही दुधाची भुकटी असते, हे ती ओळ वाचल्यावरच लक्षात येते.

योगायोग असा, की एग्मोर स्थानकासमोरील रस्त्याचे नाव गांधी-आयर्विन रस्ता असे आहे. मार्च १९३१ मधील प्रसिद्ध कराराची आठवण त्या नावात आहे. ज्यांचे नाव या रस्त्याला मिळाले, त्या महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत असताना दूध सोडले होते. पुढे गंभीर आजारपणात त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले आणि त्याविषयीची खंत आत्मचरित्रात नोंदवली. दूध न पिणे म्हणजे पाश्चात्त्यांचे अलीकडचे खूळ, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण सहसा आठवत नाही.

प्रवास: दशमीपासून सावध

मुंबई, पुणे आणि सोलापूर या मार्गाने चेन्नईला जाणाऱ्या गाड्यांना साधारणपणे एक दिवस आणि एक रात्र लागते. चेन्नईत सेंट्रल आणि एग्मोर अशी दोन मोठी स्थानके असून त्यांत सुमारे दोन किलोमीटरचे अंतर आहे. तिकिटावर सेंट्रलचा संकेत 'एमएएस', तर एग्मोरचा 'एमएस' असा छापला जातो; एका अक्षराच्या फरकामुळे होणारा घोळ टाळण्यासाठी तो नीट पाहावा. एग्मोर स्थानकाच्या पुनर्विकासाचे काम हाती घेण्यात आल्यापासून काही गाड्यांची शेवटची स्थानके तात्पुरती बदलण्यात आली आहेत. त्यामुळे निघण्यापूर्वी खात्री करून घेणे इष्ट. सेंट्रलला उतरावे लागले, तरी मेट्रोने एग्मोर हे पुढचेच स्थानक आहे. हा टप्पा २५ मे २०१८ रोजी सुरू झाला. मेट्रोचे किमान भाडे १० रुपये असून, पहिल्यांदा शहरात आलेल्या गटाला रिक्षाचालकाशी घासाघीस करण्यापेक्षा ते निश्चितच स्वस्त पडते.

रेल्वेची विद्यार्थी सवलत या सहलीसाठी मिळेल, असे गृहीत धरू नये. मार्च २०२० मध्ये प्रवासभाड्यातील अनेक सवलती थांबवण्यात आल्या, तेव्हा विद्यार्थ्यांची सवलत कायम ठेवण्यात आली होती. परंतु ती मूळ गावी जाण्यासाठी किंवा शैक्षणिक सहलीसाठी असते आणि त्यासाठी शिक्षणसंस्थेचे प्रमाणपत्र लागते. मित्रांच्या खासगी भटकंतीला ती लागू होत नाही.

गाडीतील जेवणाचा विचार घरातूनच करावा लागतो. महाराष्ट्रातील प्रवासाची पारंपरिक शिदोरी येथे फसवी ठरते. दशमी टिकाऊ म्हणून प्रवासात देतात. पण तिचे पीठ दुधातच भिजवलेले असते. मराठवाड्यातील धपाट्यांत बहुधा दही किंवा ताक असते. लाडवांत तूप आलेच. त्याऐवजी तेलावर भाजलेली थालिपिठे, ज्वारीची कडक भाकरी आणि सोलापुरी शेंगदाण्याची चटणी ही शिदोरी व्हेगन तर आहेच, शिवाय दुसऱ्या दिवशीही चांगली लागते. रेल्वेने २०२३ साली साध्या डब्यांतील प्रवाशांसाठी फलाटावर २० रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचे असे जेवण देण्यास सुरुवात केली. हे जेवण व्हेगन विद्यार्थ्याच्या बऱ्याच जवळचे आहे. गाडीत मिळणाऱ्या नेहमीच्या शाकाहारी थाळीत मात्र दही आणि अनेकदा पनीर असते.

मुक्काम केनेट लेनमध्ये

एग्मोरचे तमिळ नाव 'एळुंबूर' असे आहे. फलाटावरील पाटीवर तेच वाचायला मिळते. स्थानकाची लाल-पांढरी, घुमटांची इमारत ११ जून १९०८ रोजी वापरात आली. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचे ते केंद्र होते. १९१४ पासून येथून सुटणारी बोट मेल प्रवाशांना धनुष्कोडीपर्यंत नेत असे आणि तेथून जहाजाने श्रीलंकेत जाता येत असे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाली आणि तो मार्ग संपला. तरीही रात्री-अपरात्री उतरणाऱ्या प्रवाशांचा राबता असलेला परिसर, ही एग्मोरची ओळख कायम राहिली. गांधी-आयर्विन रस्ता आणि त्याला लागून असलेली केनेट लेन येथे दाटीने असलेली लॉज आणि उपाहारगृहे ही त्याच राबत्याची निर्मिती आहे. श्रीलंकेतील बौद्ध यात्रेकरूंना परिचित असलेले महाबोधी सोसायटीचे केंद्रही केनेट लेनमध्येच आहे.

वातानुकूलन नसलेली तीन किंवा चार खाटांची खोली घेतल्यास माणशी खर्च बराच कमी होतो. काही लॉजमध्ये खोली घेतल्यापासून २४ तास मोजण्याची पद्धत आहे, तर काही ठिकाणी दुपारी ठरावीक वेळी खोली सोडावी लागते. पहाटे पोहोचणाऱ्या गटासाठी पहिली पद्धत लाभाची असते, म्हणून भाडे विचारण्यापूर्वी ते विचारावे. दिवसाला १,००० रुपयांपेक्षा कमी भाडे असलेल्या खोल्यांवर जुलै २०२२ पूर्वी वस्तू व सेवा कर नव्हता. त्यानंतर तो लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांसाठी त्याचा दर ५ टक्के झाला. सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे की नाही, हे स्पष्ट करून घ्यावे. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र आवश्यक असते. गटात मुले व मुली दोन्ही असतील, तर काही लहान लॉज खोली देण्यास नकार देतात, ही वस्तुस्थितीही आधीच लक्षात घेतलेली बरी.

ताटातील तूप कसे ओळखावे

उडीद डाळ आणि तांदूळ आंबवून केलेली इडली, तसेच उडदाचा मेदूवडा यांत दूध नसते. साधा डोसा बहुधा तेलावर केला जातो. खोबऱ्याची चटणी आणि सांबार हेही सर्वसाधारणपणे दुग्धविरहित असतात. एग्मोरमधील सकाळचा नाश्ता येथेच जवळजवळ पूर्ण होतो.

अपवाद मात्र महत्त्वाचे आहेत. 'नेय रोस्ट' या नावातील 'नेय' म्हणजे तूप. रवा डोशाच्या पिठात ताक किंवा दही घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. वेण पोंगल हा तांदूळ व मूगडाळीचा मऊ पदार्थ दिसायला खिचडीसारखा असतो; पण मिरे-जिऱ्याच्या फोडणीसह त्यात तुपाची सढळ धार असते आणि ती टाळता येत नाही, कारण पदार्थ आधीच मोठ्या पातेल्यात तयार असतो. लहान इडल्या सांबारात बुडवून देतात, तेव्हा वरून तूप सोडण्याची प्रथा आहे. ते सांगून थांबवता येते. रसमची फोडणी काही स्वयंपाकघरांत तेलाची, काही ठिकाणी तुपाची असते. इडलीबरोबरच्या कोरड्या 'पोडी' चटणीत तूप घालायचे की तिळाचे तेल, हे ग्राहकाने ठरवायचे असते. 'नल्लेण्णै' असे म्हटले की तिळाचे तेल मिळते, आणि खरे तर पोडीला तेच अधिक शोभते.

दुपारच्या जेवणाला चेन्नईत 'मील्स' असे म्हणतात. भात, सांबार, रसम, चिंचेच्या कोळात व तिळाच्या तेलात शिजवलेले वत्तकुळंबु, खोबरे घातलेली सुकी भाजी म्हणजे पोरियल, डाळ-भाजीचे कूटु, पापड, दही, ताक आणि पायसम असा त्याचा साधारण क्रम असतो. यांतील दही, ताक व पायसम सोडून दिले, तरी पोट भरण्यास पुरेसे उरते. वाढप्याने भातावर तूप वाढण्यापूर्वीच हात आडवा करावा लागतो, एवढेच. मोरकुळंबु या नावात 'मोर' म्हणजे ताक आहे. अवियलमध्येही दही असू शकते. पायसम शेवयांचे असेल तर दुधाचे समजावे. डाळ-गुळाचे असेल तर त्यात नारळाचे दूध असण्याची शक्यता असते, पण काजू तुपात तळलेले असतात. त्यामुळे गोड पदार्थाच्या बाबतीत व्हेगन पाहुण्याची येथे काहीशी उपेक्षाच होते.

मराठी वाचकाला या ताटात ओळखीच्या खुणा सापडतात. तंजावरात १६७६ ते १८५५ या काळात भोसले घराण्याचे राज्य होते आणि त्या संपर्काचे अवशेष तमिळ स्वयंपाकात टिकून आहेत. सांबार हे नाव छत्रपती संभाजी महाराजांवरून पडल्याची आख्यायिका लोकप्रिय आहे. इतिहास म्हणून ती स्वीकारता येत नाही. 'पोळी' हा शब्द मात्र तमिळमध्ये पुरणाच्या पोळीसाठीच वापरला जातो आणि चेन्नईत ती रस्त्यालगतच्या दुकानांत गरम मिळते. ती तुपावर भाजलेली असल्याने व्हेगन विद्यार्थ्याला दुरूनच पाहावी लागते. याउलट काकडी, भिजवलेली मूगडाळ आणि खोबरे यांची 'कोसुमल्ली' पाहिली, की कोशिंबिरीशी तिचे नाते उघड होते. महाराष्ट्रात कोशिंबिरीत दही येते, तमिळ कोसुमल्लीत ते नसते.

विचारण्यासाठी चार-पाच शब्द पाठ असले तरी पुरे. दूध म्हणजे पाल, दही तयिर, ताक मोर, लोणी वेण्णै आणि तूप नेय. 'नको' यासाठी 'वेंडाम' असे म्हणतात. 'नेय वेंडाम, एण्णै पोदुम' म्हणजे तूप नको, तेल पुरे. 'सैवम' या शब्दावर मात्र विसंबू नये. शैव परंपरेतून आलेल्या या शब्दाचा अर्थ शाकाहारी असा आहे आणि त्यात दूध-तूप येते. तिरुक्कुरळ या प्राचीन ग्रंथातील २६ वा अध्याय मांसत्यागाविषयी आहे. दुधाचा निषेध त्यात नाही. वाढप्याला 'व्हेगन' शब्द समजला नाही, तर त्यात त्याचा दोष नाही. 'तूप नको' ही सूचना मात्र तो रोज ऐकत असतो, कारण पथ्यामुळे तूप टाळणारे ग्राहक सर्वत्र असतात. तत्त्वज्ञान समजावून सांगण्यापेक्षा पदार्थाचे नाव घेऊन नकार देणे अधिक परिणामकारक ठरते. एकाच तव्यावर तुपाचा व तेलाचा डोसा होतो, ते चालवून घ्यायचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

पेयांबाबत एक गमतीचा गैरसमज टाळण्यासारखा आहे. तमिळनाडूत 'पन्नीर सोडा' नावाचे शीतपेय मिळते. त्यात पनीर नसते. तमिळ भाषेत पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. ते पेय व्हेगन विद्यार्थ्याने खुशाल घ्यावे. शहाळे आणि नन्नारीचे सरबतही चालते. फिल्टर कॉफी मात्र दुधाशिवाय क्वचितच दिली जाते, आणि कॉफीसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात तिच्यावर पाणी सोडणे हा या सहलीतील सर्वांत मोठा त्याग म्हणावा लागेल. सुंठ व ताडगुळाची 'सुक्कु कापी' ही तिची थोडी भरपाई करते. तीत दूध नसते.

एक रुपयाची इडली

अतिशय कमी पैशांत दिवस काढायचा असेल, तर चेन्नई महानगरपालिकेच्या 'अम्मा उणवगम' या उपाहारगृहांची माहिती हवी. तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांच्या कार्यकाळात फेब्रुवारी २०१३ मध्ये ही योजना सुरू झाली. एक रुपयाला एक इडली व सोबत सांबार, पाच रुपयांना सांबारभात, तीन रुपयांना दहीभात असे तिचे दर ठरवण्यात आले. हमाल, रिक्षाचालक, बांधकाम मजूर आणि रुग्णांचे नातेवाईक हे तेथील मुख्य ग्राहक. विद्यार्थ्यांना मज्जाव नाही. पण रांगेत उभे राहावे लागते आणि पदार्थ संपले की खिडकी बंद होते. इडली व सांबार घ्यावे, पोंगल व दहीभात टाळावा, एवढा नियम व्हेगन विद्यार्थ्याला पुरतो. श्रमिकांसाठी चालवलेल्या या योजनेत केवळ मौजेखातर तीन दिवस जेवणे योग्य आहे काय, हा प्रश्न मित्रांनी आपसांत जरूर विचारावा. एखाद्या सकाळी जाण्यास हरकत नसावी.

संध्याकाळचे खाणे मरीना किनाऱ्यावर होऊ शकते. वाटाणे किंवा हरभरे शिजवून, खोबरे आणि कैरीचे तुकडे घालून केलेले 'सुंडल' तेथे कागदाच्या पुडीत मिळते. ते स्वस्त, पौष्टिक आणि पूर्णपणे वनस्पतिजन्य आहे. तेथील समुद्र पोहण्यासाठी धोकादायक असून पोहण्यास मनाई आहे.

बिलाची वाटणी

गटातील खरा ताण बहुधा पदार्थांवरून निर्माण न होता बिलावरून होतो. चौघांपैकी तिघांनी पनीरची भाजी, लोण्यातला डोसा, कॉफी आणि मिठाई घेतली व चौथ्याने साधा डोसा घेतला, तरी एकूण रकमेचे चार समान भाग करण्याची विद्यार्थ्यांत पद्धत असते. तीन दिवसांत हा फरक लहान राहत नाही. व्हेगन विद्यार्थी संकोचाने गप्प बसतो आणि मित्रांच्या तुपाचे पैसे भरतो. उलट बाजूही आहे. केवळ त्याच्यासाठी दुसरे उपाहारगृह शोधत भर उन्हात अर्धा तास फिरावे लागले, तर मित्रांचीही चिडचिड स्वाभाविक आहे.

यावर उपाय सहलीपूर्वीच ठरवावा लागतो. खोली, रिक्षा आणि पाण्याच्या बाटल्या सामाईक खर्चातून, तर जेवण 'तुझे तू, माझे मी' या हिशेबाने, ही विभागणी सर्वांना न्याय्य वाटते. मील्समधील दह्याची वाटी मित्राला द्यावी आणि त्याने आपला पापड द्यावा, अशी देवाणघेवाणही होऊ शकते. एग्मोरची जमेची बाजू ही, की तेथे वेगळे उपाहारगृह शोधण्याची गरजच सहसा पडत नाही. ज्या टेबलावर मित्र तुपातला रोस्ट खातात, त्याच टेबलावर व्हेगन विद्यार्थ्याला तेलातला डोसा मिळतो. पाश्चात्त्य धर्तीच्या कॅफेत हे घडत नाही. तेथे त्याच्या वाट्याला बहुधा महागडे पर्यायी दूध किंवा नुसते सॅलड येते.

पाहण्यासारखे आणि विकत घेण्यासारखे

एग्मोरमधील पॅन्थिऑन रस्त्यावरील शासकीय संग्रहालय स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १८५१ साली स्थापन झालेले हे संग्रहालय कोलकात्याच्या संग्रहालयाखालोखाल देशात जुने मानले जाते. अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पे आणि चोळकालीन कांस्यमूर्ती हे त्याचे वैभव. तिरुवालंगाडू येथील नटराज आणि तिरुवेंकाडू येथील अर्धनारीश्वर या मूर्तींसमोर अर्धा तास सहज निघून जातो. संग्रहालय शुक्रवारी बंद असते. त्याच आवारात १८९६ साली सुरू झालेले कोनेमरा सार्वजनिक ग्रंथालय आहे. प्राण्यांविषयी संवेदनशील असलेल्या पाहुण्याला आणखी एक तपशील रोचक वाटेल: चेन्नईचे प्राणिसंग्रहालय १८५५ साली याच आवारात सुरू झाले होते. पुढे ते हलवण्यात आले आणि १९८५ मध्ये वंडलूरच्या विस्तीर्ण वनक्षेत्रात गेले. स्थानकाजवळच १८२१ साली पूर्ण झालेले सेंट अँड्र्यूज चर्च आहे. भुसभुशीत जमिनीमुळे त्याचा पाया विटांच्या विहिरींवर उभारण्यात आला.

खरेदीच्या बाबतीत व्हेगन विद्यार्थ्याची परीक्षा कांचीपुरमच्या रेशमी साड्यांपाशी होते. घरच्यांनी आणायला सांगितलेली साडी नाकारणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. रेशमाचा धागा काढण्यासाठी कोश उकळले जातात आणि आतील किडा मरतो, म्हणून व्हेगन व्यक्ती रेशीम टाळतात. एग्मोरमध्ये त्याला पर्याय आहे. तमिळनाडूच्या हातमाग विणकरांच्या १९३५ साली स्थापन झालेल्या को-ऑप्टेक्स या सहकारी संस्थेचे मुख्यालय व विक्रीकेंद्र पॅन्थिऑन रस्त्यावरच असून तेथे सुती साड्या, पंचे आणि चादरी मिळतात. जवळच्या पेरियमेट भागात मात्र चामड्याचा मोठा व्यापार चालतो. स्वस्त पट्टे व पाकिटे पाहून मित्र तेथे थांबले, तर व्हेगन विद्यार्थ्याने त्या वेळेत संग्रहालय गाठावे हे उत्तम.

शहरात फिरण्यासाठी एग्मोरहून बीच आणि तांबरमकडे जाणाऱ्या उपनगरी गाड्या सोयीच्या आहेत. या मार्गावर विजेवरील गाड्या १९३१ पासून धावत आहेत आणि किमान भाडे ५ रुपये आहे. महानगर परिवहनाच्या साध्या बसमध्ये महिलांना मोफत प्रवासाची योजना मे २०२१ पासून सुरू झाली. गटातील मुलींनी बसमध्ये चढण्यापूर्वी ती साध्या भाड्याची आहे का, हे पाहावे.

ऋतूचाही विचार हवा. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस असतो. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये शहराने मोठे पूर अनुभवले. मे महिन्याचा उकाडा असह्य असतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत मार्गळी महिन्यातील संगीत महोत्सव चालतो. अनेक सभागृहांतील सकाळच्या व दुपारच्या मैफलींना तिकीट नसते. तेथील उपाहारगृहे मैफलींइतकीच प्रसिद्ध आहेत. पण तुपाचा वापर तेथे अधिक असल्याने चौकशी दुप्पट करावी लागते.

देवळातील प्रसादाचा प्रसंग नाजूक असतो. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरात किंवा ट्रिप्लिकेनच्या पार्थसारथी मंदिरात हातावर ठेवलेला गोड पोंगल तुपात माखलेला असतो. तो नाकारणे अनेकांना अवघड जाते. अशा वेळी आदराने हातात घेऊन सोबतच्या मित्राला देण्याचा मार्ग उपलब्ध आहे. वैष्णव मंदिरांत प्रसाद म्हणून मिळणारी 'पुळियोदरै', म्हणजे चिंचेचा भात, हा मात्र तिळाच्या तेलात केलेला असतो. चिंच व तेल यांमुळे तो दिवसभर आंबत नाही, म्हणून तमिळ कुटुंबे प्रवासात तोच बांधून नेतात. परतीच्या गाडीसाठी एग्मोरच्या उपाहारगृहातून तो घेता येतो. सोबत खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स घ्यावेत. चकलीसारखी दिसणारी मुरुक्कु घेताना पिठात लोणी घातले आहे का, एवढे विचारून घ्यावे.